भाव सांगतो, सल्ला नाही

वाघानं धाकटीची मान धरली तेव्हा माझ्या हातात मोहाची टोपली होती. मी ती त्याच्या तोंडावर मारली. फुलं सांडली, त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मग मी काठी उचलली आणि त्याच्या पाठीवर हाणत सुटले, गोठ्यात शिरलेल्या दुसऱ्याच्या बैलाला हाणतात तशी. तोंडानं शिव्या चालू होत्या. वाघाला देत होते आणि धाकटीलाही देत होते, कारण ती ओरडत नव्हती आणि मला वाटत होतं हिनं ओरडावं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर भोंगा बसवलेला होता. जंगलाच्या कडेला कॅमेरे होते, त्यात वाघ दिसला की भोंगा वाजायचा. तो वाजला नाही.

वाघ तिला टाकून गेला. काठीला भ्याला की आणखी कशाला, मला माहीत नाही. लोक खाट घेऊन आले. गावात पोचेपर्यंत ती गेलेली होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. एका चुलीवर आम्ही दोघींनी जन्म काढला, भांडून काढला, पण काढला.

लोक विचारतात, एवढ्या पहाटे जंगलात जाता कशाला? शहरातले जास्त विचारतात. मोहाचं फूल पहाटे गळतं. ऊन चढेपर्यंत वेचलं नाही तर डुक्कर खातं, हरीण खातं, उरलेलं ऊन खातं. फुलाला आम्ही सांगू शकत नाही की बाबा, दहा वाजता पड, आम्ही चहा पिऊन येतो.

वाघाचा मला राग नाही. तो वाघ आहे. मला राग आहे तो सिंदेवाहीच्या एका दुकानदाराचा, जो दोन कॉम्प्युटरच्या मागे बसून येईल त्याला विचारायचा, "जुनी का नवी?"

बाजाराच्या दिवशी मी त्याच्याच दुकानाच्या पायरीखाली बसायचे. पुढ्यात तरोट्याची भाजी, लाखोळीची डाळ, उन्हाळ्यात वाळलेला मोह. माझी पाठ दुकानाकडे असायची, त्यामुळे मी त्याला पाहिला कमी आणि ऐकला जास्त. असं कितीतरी वर्षं चाललं. दुकानामागे धानाची गिरणी होती, तिचा कोंडा उडून सगळीकडे बसायचा. म्हणून त्यानं फळीवरच्या दोन्ही कॉम्प्युटरवर मच्छरदाणी टाकलेली असायची. गिऱ्हाईक आलं की तो ती दोन बोटांनी उचलायचा, पाहुण्यांसमोर पोरीच्या डोक्यावरचा पदर सारखा करावा तशी.

कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ते त्याच्या आत घालावं लागतं, त्याला तो सिस्टीम म्हणायचा. सिस्टीम दोन होत्या. जुनी सात नंबरची, नवी दहा नंबरची. सातला तो इंग्रजीत सेवन म्हणायचा. पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं, "सेवन करून देऊ का," तेव्हा मला वाटलं हा औषधपाणीही करतो. जेवणानंतर दोन गोळ्या सेवन करा, तसं काही.

इतर दुकानांत तेव्हा एकच माल मिळायचा. चंद्रपूरच्या मोठ्या दुकानात जा, नवी घालून खोका हातात देत. याच्याकडे दोन्ही असायच्या, आणि दोन्ही चालवून पाहिल्याशिवाय तो विकायचाच नाही.

"भाऊ, कॉम्प्युटर पाहिजे होता."

"चपला काढा. बसा. जुनी का नवी?"

"चांगली असंन ते द्या ना."

"चांगली नावाची सिस्टीम नसते. जुनी असते, नाई त नवी असते."

"तुमीच सांगा मंग."

"मी भाव सांगतो, सल्ला नाई."

हे इतक्या वेळा ऐकलं की मी भाजी विकता विकता तसंच म्हणायला लागले होते. एखादी बाई विचारायची, "बाई, जुडी ताजी आहे का?" मी म्हणायचे, "मी भाव सांगते, सल्ला नाई." बाजार हसायचा. तो दुकानातून म्हणायचा, "बरोबर बोलल्या बाई." त्याला ती थट्टा वाटतच नव्हती.

एकदा कॉलेजातला कोणी मास्तर आला. मोटारसायकल चालूच ठेवली होती. म्हणाला, "पटकन कोणताही द्या, मला मीटिंग आहे."

"पसंत केल्याबिगर नेता? बायको अशीच आनली होती का?"

मास्तर म्हणाला, "हो, तशीच आणली."

"मंग भोगून राह्यले असान," हा म्हणाला आणि मच्छरदाणी खाली सोडली. मास्तर रिकाम्या हातानं गेला. आलेलं गिऱ्हाईक यानं घालवलं आणि वर त्याचं सुख चेहऱ्यावर.

दुसऱ्या एका दिवशी बचतगटाच्या बाया आल्या होत्या. त्यांना त्यानं तासभर बसवलं. दोन्हींवर आपापलं नाव लिहायला लावलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना कॉम्प्युटरचा उंदीर हातात देऊन रेघा ओढायला लावल्या. शेवटी त्यातल्या एकीनं जुनी घेतली. का, तर जुनीच्या पडद्याचा निळा रंग तिच्या लुगड्यासारखा होता. मी खाली बसून पोट धरून हसत होते. तो हसला नाही. म्हणाला, "पसंती ते पसंती," आणि नव्या कॉम्प्युटरवर मच्छरदाणी अशी टाकली की जणू त्या पोरीला नकार कळू नये.

त्याच्या बायकोला मी ओळखत होते. दुपारी डबा घेऊन यायची आणि माझ्याजवळ पायरीवर टेकायची. धानोऱ्याकडची होती, बोलायला फटकळ.

"बाई, मी याले इचारलं, वांगे करू का वाल? त म्हने दोन्ही कर, मंग खानाऱ्याले इचारू. घरात खानारा कोन? हाच!"

"मंग काय केलं?"

"दोन्ही केले. मंग म्हनते, तुले कोनतं आवडलं?"

असा नवरा वैऱ्यालाही मिळू नये. भांडायला बसलं तर भांडणाला दुसरी बाजूच नाही. एक दिवस तिनं कंटाळून विचारलं, "मी माहेरी जाऊ का राहू?" तो म्हणाला, "तुझी पसंती." ती गेली. परत आली नाही. त्यानंतर त्याच्या डब्याची जागा रिकामी राहिली. मी कधी भाकर द्यायचे. "भाऊ, चटणी देऊ का भाजी?" असं मी मुद्दाम विचारायचे नाही. पुढ्यात ठेवायचे. तो निमूट खायचा. त्यावरून मला वाटायचं, याला कोणी ठरवून दिलं तर आतून बरंच वाटत असेल.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यानं एकदा सांगितलं. तरुणपणी तो नागपूरला मोठ्या दुकानात नोकरीला होता. मालक जे म्हणेल ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. एका शाळेच्या हेडमास्तरला यानं अशीच नवी कोरी सिस्टीम गळ्यात मारली, लय चांगली आहे म्हणून. त्यात शाळेचं जुनं काही उघडेना. पोरांचे दाखले अडकले. हेडमास्तर दुकानात आला आणि सगळ्यांसमोर याला म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून घेतली." बस, एवढंच. शिवी नाही, मारामारी नाही. यानं नोकरी सोडली आणि गावी येऊन हे दुकान टाकलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे आम्हीही जाणतो. पण यानं ताक फुंकलं ते दुसऱ्याच्या वाटीतलं. आपलं बोट कुठेच लागू नये, कोणी येऊन "तुम्ही सांगितलं" म्हणू नये, एवढ्यासाठी हा माणूस मुका झाला. आणि त्याला नाव दिलं गिऱ्हाइकाची पसंती.

खरं ते खरं सांगते. त्याच्या त्या दोन कॉम्प्युटरचा लोकांना उपयोगही झाला. कोणाचं छपाईचं जुनं मशीन नव्या सिस्टीमला ओळखायचं नाही, कोणाचं अंगठ्याचं यंत्र चालायचं नाही. दुसरे दुकानदार सांगायचे, मशीन फेका, नवं घ्या. हा म्हणायचा, "जुनी आहे मायाजवळ. पाहून घ्या." लांबलांबून लोक यायचे. त्याच्या दुकानात माणसाला निदान विचारत तरी होते.

आता आमच्या गावाचं सांगते.

आमचं गाव जंगलाला चिकटून आहे. एका संस्थेनं कॅमेरे दिले, भोंगा दिला. कॉम्प्युटर ग्रामसभेनं आपल्या तेंदूपत्त्याच्या पैशातून घ्यायचा होता. मी वनसमितीत आहे. बाईमाणूस पाहिजे म्हणून घेतलेली, पण आहे. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या ओळखीचं दुकान आहे न सिंदेवाहीले?" आम्ही दोघं गेलो.

त्यानं मच्छरदाणी उचलली. मला खुर्चीवर बसवलं. मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर शोधून दोन्हीवर माझं नाव लिहिलं. दोन्हीवर सारखंच दिसलं.

अध्यक्षांनी विचारलं, "यायच्यात फरक काय?"

"जुनीले सारं तुम्हाले सांगा लागते. नवी बरंचसं आपोआप करते."

"आपोआप म्हंजे?"

"आपली दुरुस्ती आपणच करते. कोनाले बोलवा लागत नाई."

अध्यक्षांचा चेहरा फुलला. आमच्या गावात विजेची तार तुटली तर माणूस यायला आठवडा लागतो. दुरुस्ती करणारा न बोलावता दुरुस्ती होते म्हटल्यावर त्यांना देव भेटला. म्हणाले, "मंग त झालंच! अन् तसंही सातापेक्षा दहा मोठे. बाई, तुमचं काय म्हणणं?"

मला ते आपोआप पटलं नव्हतं. पेरलेल्या धानात आपोआप उगवतं ते धान नसतं, ते उपटून बांधावर फेकावं लागतं. पण हे कॉम्प्युटर, धान नाही. म्हणून मी त्यालाच सरळ विचारलं, "भाऊ, हे भोंग्यासाठी पाहिजे. वाघासाठी. गावातल्या बाया मोह वेचाले जातेत. कोनती बरी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी ते उघडलेलं तोंड पाहिलं आहे, म्हणून सांगते. मग ते मिटलं आणि तो म्हणाला, "बाई, मी भाव सांगतो, सल्ला नाई."

आम्ही नवी घेतली.

भोंगा चांगला वाजायचा. नीलगाय आली तरी वाजायचा, अध्यक्षांची गाय चुकून जंगलाकडे गेली तरी वाजायचा. लोक हसायचे, पण घरात शिरायचे. सवय लागली. मोहाच्या दिवसांत आम्ही निर्धास्त जायला लागलो. आधी चौघी-पाचजणी मिळून जायचो, थाळी वाजवत, बोलत. भोंगा आल्यावर दोघी दोघी जायला लागलो. कान भोंग्याकडे, हात फुलांकडे. भोंगा वाजत नाही म्हणजे वाघ नाही, असा हिशेब.

त्या सकाळी धाकटीला खाटेवर आणलं आणि अध्यक्षांनी समाजमंदिरातली कॉम्प्युटरची खोली उघडली. मीही गेले, लुगडं रक्तानं भरलेलं. पडदा निळा होता. मधे ठिपके गोल गोल फिरत होते. खाली मराठीत लिहिलं होतं, कारण आम्ही मराठी मागितली होती. मी वाचलं. थांबा, काम चालू आहे, बंद करू नका.

दहाव्याच्या आधी बाजाराचा दिवस आला. मी सिंदेवाहीला गेले. घरच्यांनी अडवलं, सुतकात बाजार करतात का? मी म्हटलं, बाजार करायला नाही जात.

दुकानात एक गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं होतं. त्याला मी उठवलं. दुकानदाराला बातमी कळलेली होती, चेहऱ्यावरून दिसलं.

"काऊन बंद पडली?" मी विचारलं.

तो सावकाश बोलला. "बंद नाई पडली, बाई. दुरुस्ती करून राह्यली होती. कंपनीकडून काही नवं आलं की थे सोता घेते, सोता बंद होते, सोता चालू होते. कोनी काम करत नसन अशी वेळ पाहून करते. लोक झोपून असते तवा. पहाटे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती सिस्टीम जिथे कोणी बनवली तिथे पहाटे माणसं झोपत असतील. झोपोत बापडी. मोहाच्या दिवसांत आमच्या गावात पहाटे घरात कोणी नसतं.

"मंग चालू झाली असती त भोंगा वाजला असता?"

"नाई. चालू झाली तरी कॅमेऱ्याचा प्रोग्राम हातानं लावा लागते. पहाटे लावाले कोन होतं?"

"हे तुले तवा माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं ना बाई, आपोआप करते म्हणून."

मी त्याच्या तोंडात मारली. सगळा बाजार दाराशी जमला. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा भांड्यावाल्यानं मागून धरला. आणि या माणसानं चष्मा काढून फळीवर ठेवला, गाल पुढे केला आणि भांड्यावाल्याला म्हणाला, "सोडा त्यायले. मारू द्या. त्यायची पसंती."

असा राग मला जन्मात आला नव्हता. वाघाचाही नाही. माणूस मार खातानाही आपलं काही देत नाही म्हणजे काय! त्याला मारणं म्हणजे कोंड्याच्या पोत्याला मारणं. मी खाली बसले. हात दुखत होता. मग मी त्याला विचारलं, शिवी न देता विचारलं, "भाऊ, तुयी माय मोह वेचाले गेली असती, त तू कोनती लावली असती?"

"जुनी."

विचार करायला थांबलासुद्धा नाही. विचारलं आणि आलं. म्हणजे ते तिथेच होतं, दाताच्या मागे, त्या दिवशीही होतं.

"काऊन?"

"थे आपल्या मनानं बंद पडत नाई. कोनी बंद केली तरच पडते."

"अन् नवीले थांबवता येत नाई?"

"येते. पण काही दिवसांनी पुन्हा आपल्या मनाची होते."

मी उठले आणि घरी आले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आमच्या गावात आला. बाजाराच्या दिवशी त्याचं दुकान बंद असं कधी झालं नव्हतं. स्कूटरला मागे खोका बांधलेला. माझ्या दारात उभा राहिला. मी त्याला पाणी विचारलं नाही.

"दुसरी कुठी आहे?" मी म्हटलं, कारण खोका एकच होता.

"आनली नाई," तो म्हणाला. "जुनीच लावतो."

त्यानं लावली. नेटची तार कापून टाकली, म्हणाला हिला बाहेरचं काही ऐकायची गरज नाही. मग कॅमेऱ्यासमोर स्वतः जंगलाच्या कडेला गेला आणि चार पायांवर चालून दाखवलं. भोंगा वाजला. गावातली पोरंटोरं हसली. माझं हसू मेलेलं होतं. ती सिस्टीम आजही तिथेच आहे आणि भोंगा वाजतो.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगते, म्हणजे त्याचा विषय संपेल. तो सुधारला, पण असा सुधारला की लोक पळायला लागले. जो सल्ला जन्मभर दिला नव्हता तो सगळा बाहेर पडू लागला. गिऱ्हाइकानं नवी मागितली की म्हणायचा, "नवी नोका घेऊ, तुमचं काम नाई तिचं." ज्याला नवीच पाहिजे होती त्यालाही सोडायचा नाही. पायरी उतरून बाजारात बायांना सांगायचा, "हे वांगे नोका घेऊ, किडके आहेत." भाजीवाल्यांनी शिव्या घातल्या. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं तोंड उशिरा उघडलं अन् आता मिटत नाई." तो म्हणाला, "बाई, मंग काय करू?" मी म्हटलं, "मी सल्ला देत नाई." हे मी बोलले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जुनी सिस्टीम मिळणं बंद झालं. नवी तर कुठेही मिळते, तिच्यासाठी त्याच्याकडे कोण येणार? दुकान गेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. तो माजरीला बहिणीकडे राहायला गेला असं ऐकते. धाकटीची लेक मला विचारते, मोठी आई, तू त्याला माफ केलं का? नाही केलं. माफी मागायला तो आला नव्हता, खोका घेऊन आला होता. खोका आम्ही ठेवून घेतला.

पण त्याच्या नावावर एक गोष्ट आहे, ती न सांगणं खोटेपणा होईल.

जुनी लावल्यावर, त्याचं दुकान अजून होतं तेव्हा, वरच्या ऑफिसातून एक साहेब आले. ग्रामसभा भरवली. साहेबांच्या हातात कागद होता. म्हणाले, "ही जुनी प्रणाली कंपनीनं सोडून दिली आहे. आता तिची दुरुस्ती होत नाही. असुरक्षित आहे. बाहेरचे चोर आत शिरतात. नियमाप्रमाणे सगळीकडे नवीच पाहिजे."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "चोर शिरू द्या, साहेब. वाघ नोको."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आजी, हा चेष्टेचा विषय नाही."

"मी चेष्टा करून राह्यली का?"

तेव्हा मागून तो दुकानदार उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ज्यांच्या घरची बाई गेली त्यांच्या गावात, सगळ्यांच्या मधे उभं राहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझा दीर, धाकटीचा नवरा, समोरच बसला होता. तो याच्याकडे पाहत होता आणि त्याची मूठ आवळलेली होती.

दुकानदाराला उभं राहून बोलता येत नव्हतं. तो दोन कॉम्प्युटरच्या आड बसून बोलणारा माणूस. हात कुठे ठेवावे समजत नव्हतं त्याला. म्हणाला, "जुनीच ठेवा. मी... मी सांगून राह्यलो. नेट तोडलं आहे, चोर येईन कुठून? अन् चोर आला त नेईन काय, डुकराचे फोटो? नवी बसवान त तिले नेट द्या लागन, अन् थे पुन्हा पहाटे बंद पडन. मी सांगून राह्यलो. उद्या काही झालं त म्हना, यानं सांगितलं होतं. मायं नाव लिहा."

साहेब म्हणाले, "तुम्ही विक्रेते आहात. जुना माल खपवायचा आहे तुम्हाला."

"पैसे नाई घेतले मी," तो म्हणाला.

"मग तुम्हाला या सभेत बोलायचा अधिकार काय? तुम्ही गावचे नाहीत."

तो बसला. त्याचं बसणं सगळ्यांनी पाहिलं. दिराची मूठ सुटली होती. साहेबांनी तेवढ्यात आपलं काम उरकायला घेतलं. म्हणाले, "हे पाहा, यात निवडीचा प्रश्नच नाही. आता सगळीकडे एकच आहे. तुम्हाला विचारायला नाही, कळवायला आलो आहे."

विचारायला नाही, कळवायला. त्या दुकानदारानं जन्मभर विचारलं आणि सांगितलं नाही. हा आला तो सांगायलाच आला, विचारणार नाही म्हणाला. दोघांच्या मधे आमची धाकटी गेली. बोलणारे कागद घेऊन येतात, न बोलणारे मच्छरदाणी लावून बसतात, आणि मोहाखाली जायचं ते आम्ही.

मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं, वेळ लागला. म्हटलं, "ठराव लिहा. जुनीच राहीन. पहाटे बंद पडनारी सिस्टीम या गावात नोको."

सचिवानं पेन उचललं, पण साहेबांकडे पाहिलं. साहेब चिडले. म्हणाले, "आजी, तुम्हाला सिस्टीममधलं काय कळतं? तुम्ही कोण? कोणत्या नात्यानं बोलता?"

मी म्हटलं, "त्या दिवशी मोहाखाली दोघी होतो, साहेब. जगली ते मी."